सिनेमाने खगोलशास्त्राकडून नुसतं ढापलं? असं नाहीये ते

"सिनेमाने खगोलशास्त्राकडून फक्त घेतलं, दिलं काहीच नाही, आणि जे दाखवलं तेही चुकीचं" अशी एक पोस्ट सगळीकडे फॉरवर्ड होतेय. मुद्दे ठोकून मांडलेत, त्यामुळे खरी वाटते. म्हणून एकेक घेतो.

पहिला मुद्दा, सिनेमा करमणुकीतून आला, दुर्बिणवाल्यांचा काय संबंध. अहो, हा संबंध सिनेमाच्याही आधीचा आहे! 1874 मध्ये शुक्राचं अधिक्रमण होतं, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता, आणि ते टिपायला ज्यूल जान्सन हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ थेट नागासाकीला गेला. शुक्र सूर्याच्या कडेला टेकतो तो नेमका क्षण हवा होता, त्यावरून सूर्याचं अंतर काढायचं होतं, पण कडेजवळ शुक्र काळ्या थेंबासारखा चिकटून ओघळल्यागत दिसतो, मग शेजारी शेजारी उभ्या दोघांच्या वेळासुद्धा जुळत नाहीत. यावर गड्याने रिव्हॉल्व्हरच्या धर्तीवर कॅमेरा बनवून घेतला. आत गोल प्लेट, ती टप्प्याटप्प्याने फिरणार, दर दीड सेकंदाला एक फोटो, एका फेरीत 48. त्यावरून सुचून मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने 1882 मध्ये उडते पक्षी टिपायला फोटोची बंदूक केली, आणि तिथून सिनेमा सुरू करणारे ल्यूमिएर बंधू फार लांब नाहीत. 1895 मध्ये त्यांनी खुद्द जान्सनलाच फिल्मवर घेतलंय.

"खगोलशास्त्राला काय मिळालं?" सूर्य मिळाला की! 1930 च्या दशकात मिशिगनच्या मॅकमॅथ-हलबर्ट वेधशाळेत सूर्याच्या कडेवरच्या प्रचंड झोतांच्या फिल्म काढल्या, तासन्‌तासांची हालचाल काही मिनिटांत पळवली, तेव्हा दिसलं की कितीतरी झोतांमधला वायू वर उसळत नाहीये, उलट वरून खाली ओघळतोय. सुट्या फोटोंवरून हे कळणं अवघडच. शिवाय खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल सांगायचा तो किस्सा आहेच: 1945 ची 'डेड ऑफ नाइट' ही भुताची फिल्म जिथे सुरू होते तिथेच येऊन संपते, ती बघून त्याचा सहकारी गोल्ड याने विचारलं की विश्वही असंच असेल तर? 1948 मध्ये त्या दोघांनी आणि त्यांच्या मित्राने, बाँडीने, स्थिर स्थिती सिद्धांत मांडला, म्हणजे विश्वाला सुरुवात नाही, शेवट नाही, ते कायम सारखंच. सिद्धांत पुढे चुकला, ते सोडा.

आता तो "इंटरस्टेलर सिनेमातलं कृष्णविवर नासाने दिलं म्हणून तेवढं एकच 100 टक्के बरोबर" वाला मुद्दा. दोन्हीकडून गंडलेला. चित्रामागची समीकरणं भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्नची, ग्राफिक्स टीमने त्यावर नवीन सॉफ्टवेअर लिहिलं, आणि त्यातून 2015 मध्ये रीतसर रिसर्च पेपर निघाला. म्हणजे इथेही सिनेमाने दिलंच. पण 100 टक्के? कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या चकतीची जी बाजू आपल्याकडे येतेय ती जास्त झगझगीत आणि दुसरी मंद दिसायला हवी, ल्यूमिने या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने 1979 मध्ये हाताने ठिपके मांडून काढलेल्या चित्रात ते आहे, सिनेमात मुद्दाम काढून टाकलं, प्रेक्षक गोंधळतील म्हणून.

स्पेसमध्ये आवाज नसतो, मान्य, पण हे सगळ्यांना पाठ आहे. चुकाच काढायच्या तर त्यापेक्षा 'ग्रॅव्हिटी' सिनेमा पकडा ना, त्यात अंतराळवीर हबल दुर्बिणीपासून स्पेस स्टेशनपर्यंत पाठीवरच्या जेटपॅकने जातात. हबलची कक्षा विषुववृत्ताशी 28.5 अंशात कललेली, स्पेस स्टेशनची 51.6. उंचीही वेगळी, पण खरी अडचण कलाची आहे, कारण नुसती ती दिशा वळवायला सेकंदाला निदान 3 किलोमीटरचा वेगबदल लागतो आणि नासाच्या जुन्या जेटपॅकची सगळी ताकद मिळून सेकंदाला 25 मीटरच्या आसपास. यावर कुणी मीम का करत नाही देव जाणे.

राहिला शेवटचा, "दिग्दर्शकांना पडलेलीच नसते". सरसकट नाही. टायटॅनिक बुडाल्यावर नायिका वर बघते तेव्हाचं आकाश चुकीचं होतं, अर्धं आकाश दुसऱ्या अर्ध्याचं आरशातलं रूप! खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन दिग्दर्शक कॅमेरॉनच्या मागे लागला, आणि 2012 मध्ये थ्रीडी आवृत्ती आली तेव्हा कॅमेरॉनने त्याच्याकडून 15 एप्रिल 1912 च्या पहाटेचं खरं आकाश मागवून तो शॉट बदलला.