शब्दकोड्याबद्दल, ‘एक अनुभवी’ यांस

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की म्हापशाच्या माझ्या वर्गात मुलं मानसिक आजारांचं निदान शिकतात ती केस, म्हणजे रुग्णाची लिहिलेली हकीकत, वाचून, दर शनिवारी एक. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली: ‘ताई, कागदावरच्या पेशंटला घाम फुटत नाही. हे निदान नव्हे, शब्दकोडं आहे. हायपोमेनियाची मुदतही चुकलीय. आणि ज्यांच्या केसेस वापरता त्यांना विचारलंत का?’ शेवटी हसरा चेहरा.

तो चेहरा नसता तर दोन ओळींत आटोपलं असतं. ‘ताई’ला माझी हरकत नाही, माझा धाकटा भाऊही तसंच म्हणतो, फक्त तो आधी लेख पूर्ण वाचतो.

चूक आधी कबूल करते. डीएसएम-५, म्हणजे निदानाचे निकष देणारं अमेरिकी जाडं पुस्तक, त्यानुसार हायपोमेनियाला, म्हणजे उत्साह बेताबाहेर जाण्याच्या सौम्य अवस्थेला, सलग ४ दिवस पुरतात. मी आठवडा लिहिला, तो मेनियाचा, म्हणजे तीव्र अवस्थेचा. (इस्पितळात दाखल करायची वेळ आली तर मेनियाला तेवढीही अट नाही. तुम्ही अनुभवी, तेव्हा हे ठाऊक असेलच.) दुरुस्ती केली आहे. आभार.

आता शब्दकोडं. या एका शब्दावर माझी रात्र गेली, म्हणून तुमचीही दहा मिनिटं घेते.

शब्दकोड्यात चौकोन आधीच आखलेले असतात. आमच्याकडे काय होतं बघा. ४१ वर्षांची बाई. तीन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही, सारखा थकवा, आपण कुचकामी आहोत असं वाटणं. मुलं बोटं मोजतात: नऊपैकी पाच लक्षणं, दोन आठवड्यांहून जास्त, झालं, डिप्रेशन. मग मी विचारते, थायरॉईड कोणी तपासला? घरात कोणी गेलंय का? दारू? आणि याच्या अगदी उलटं, झोपेशिवाय पळत सुटणं, कधी झालं होतं का? कागदावर यातलं काही नसतं. मुद्दामच नसतं. अर्धा तास त्या न लिहिलेल्या ओळींवर जातो.

एकदा डिचोलीकडच्या मुलाने अंगात येणाऱ्या बाईच्या केसवर थेट ‘डिसोसिएटिव्ह’ (भान किंवा ओळख तुटण्याचा आजार) लिहिलं. शेजारची मुलगी म्हणाली, मग शिगम्यात साळ गावच्या गड्यांवर भार येतो, म्हणजे त्यांच्या अंगात येतं, त्या सगळ्यांना दाखल करणार का? बरोबर होतं तिचं. रूढ धार्मिक प्रथेत बसत असेल तर आजार धरू नये, असं ते जाडं पुस्तकच सांगतं. पण हेच त्या बाईला बसस्टँडवर, एकटीला, नको असताना होऊ लागलं तर? आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, त्याला जागा आहे. आता हे आडवे शब्द की उभे, तुम्हीच सांगा.

आणि घाम. माझ्या मावशीवर बारा वर्षं डिप्रेशनचे उपचार झाले. डॉक्टरांसमोर ती साक्षात बसायची, घामासकट. पण बसायची ती खचलेली असतानाच. बरं वाटत असताना दवाखान्यात जातो कोण? चवथीच्या आधी ती रात्री तीनला चुलीशी नेवऱ्या तळायची. पाचशे. घरात माणसं सहा. एका वर्षी पाटल्या मोडून दोन सोफे आणले, घरात मावेनात म्हणून एक बल्कावात (दारापुढच्या ओट्यावर) ठेवला. सगळे म्हणायचे, चवथीची हौस. कोणी डॉक्टरांना सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी अशा माणसाचा पारा आणखी चढू शकतो. तिचा चढला, दोनदा.

हे बायपोलर, म्हणजे कधी खचणं तर कधी असं उधाण, असावं, हे मला कुठे कळलं? एमएच्या पहिल्या वर्षी, वर्गात, एका कागदावर. त्या केसमध्ये नेवऱ्यांऐवजी लोणच्याच्या बरण्या होत्या. तास सोडून मी एसटीडी बूथ गाठला आणि आईला विचारलं, मावशी त्या दिवसांत झोपायची किती? आई म्हणाली, झोपायचीच कुठे. नवीन डॉक्टरांना हे सगळं सांगितलं, गोळ्या बदलल्या. तेव्हा कागदाला कमी लेखू नका. निदान माझ्यासमोर तरी नको.

मुलांनी खरा पेशंट बघूच नये असं मी कुठे लिहिलंय? पुढे ती ओपीडीत बसतातच.

राहिली परवानगीची गोष्ट. नावं, गावं, वयं, धंदे सगळं बदललेलं असतं. माझ्या मते तेवढं पुरे आहे. मावशीचं विचाराल, तर नाही, तिला विचारलं नव्हतं, आणि आता ती नाही.

प्रतिक्रिया उघडी ठेवतेय. पुढच्या वेळी नाव लिहा, म्हणजे कोणाला ‘दादा’ म्हणायचं ते मलाही कळेल.