वयाइतके फटके
दिवंगत काकांवरच्या लेखात, त्यांनी गोल्फमध्ये वयाइतक्या फटक्यांत १८ होल (चेंडू भोकात पाडायचे १८ टप्पे) पूर्ण केले, हे एका ओळीत उरकलंय. धंदा सांभाळून हौसेनं खेळणाऱ्याला हे जमणं फार मोठी गोष्ट आहे! पार ७२ च्या, म्हणजे कुशल खेळाडूकडून ७२ फटके अपेक्षित असलेल्या मैदानावर ऐंशीव्या वर्षी ८० म्हणजे पारपेक्षा फक्त ८ जास्त. त्या वयात ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) आखूड पडतो, पार-४ ला (चार फटके अपेक्षित असलेल्या होलला) दोन फटक्यांत ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) गाठणं अवघड. तिसरा फटका, म्हणजे जवळून ग्रीनवर टाकलेला छोटा चिप, भोकाजवळ थांबला आणि एका पटात (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा हलका फटका) चेंडू आत गेला, तरच पार. पाठ ताठ झाली की चिप मारताना मान आधीच वर येते, फटका चेंडूच्या डोक्यावर बसतो आणि तो ग्रीनपलीकडे पळतो. शिवाय हातभर अंतराचा पटही सोडून देता येत नाही, १०८ मिलिमीटरच्या भोकात तो पाडावाच लागतो.