खालील उतारा काळजीपूर्वक वाचा

परीक्षेत उतारा वाचून उत्तरे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची दया सर्वांनाच येते. तो उतारा लिहिणाऱ्याची, त्यावर प्रश्न काढणाऱ्याची आणि पुढे तीच उत्तरे तपासणाऱ्याची दया कोणाला आल्याचे माझ्या पाहण्यात नाही. गेल्या सत्रात या तिन्ही भूमिका माझ्या एकट्याच्या वाट्याला आल्या. विद्यापीठाच्या पदवी परीक्षेसाठी इंग्रजी आकलनाची प्रश्नपत्रिका मी काढावी, असे एका गोपनीय पत्राने कळवण्यात आले. उतारा सुमारे 400 शब्दांचा असावा, तो सामाजिक प्रश्नावर असावा आणि तो वादग्रस्त नसावा, अशा तीन अटी पत्रात होत्या. पहिली अट बोटांवर मोजून पाळता येते. उरलेल्या दोन एकाच वेळी पाळायच्या म्हणजे, ज्याबद्दल कोणाचेच काही म्हणणे नाही असा समाजाचा प्रश्न शोधून काढायचा.

समितीपुढे मी प्रथम लोकसंख्यावाढ हा विषय मांडला, तेव्हा एका सदस्यांनी आपल्याला सहा भावंडे असल्याचे शांतपणे सांगितले आणि विषय तेथेच संपला. बेरोजगारीवरचा उतारा वाचून पदवीच्या उंबरठ्यावरील मुलांचे मनोधैर्य ऐन परीक्षेत खचेल, असे ठरले. वृद्धांच्या एकाकीपणाचा विषय निघताच, निवृत्तीला दोन महिने उरलेले अध्यक्ष खिडकीबाहेर पाहू लागले. मोबाइलच्या व्यसनाचा विषय मी सुचवला खरा, परंतु निम्मी समिती त्या वेळी मोबाइलमध्ये असल्यामुळे तो ऐकूच गेला नाही. अखेर बालमजुरीवर एकमत झाले. बालमजुरीच्या बाजूने बोलणारा एकही सदस्य समितीत नव्हता. ज्या विषयावर सर्वांचे आधीच एकमत आहे, त्यावरचा उतारा वाचण्याची गरज कोणालाच वाटणार नाही, ही शंका तेव्हा माझ्या मनाला शिवली नाही.

तयार उतारा कोठून तरी उचलला, तर तो कोणाच्या तरी मार्गदर्शक पुस्तकात निघतोच. म्हणून उतारा मी स्वतः लिहिला. वाचकाला आधाराविना नीट समजण्यासाठी मजकुरातील सुमारे 98 टक्के शब्द त्याच्या ओळखीचे असावे लागतात, असे हू आणि नेशन या अभ्यासकांनी 2000 साली दाखवले आहे. या हिशोबाने माझ्या 400 शब्दांत केवळ आठ शब्द अनोळखी असण्याची मुभा होती. ते आठ मी मोठ्या मायेने निवडले. नंतर उतारा रुडॉल्फ फ्लेश यांच्या 1948 सालच्या सुलभतेच्या सूत्रातून काढला, तेव्हा तो फारच कठीण ठरला. हे सूत्र वाक्यातील शब्द आणि शब्दांतील अक्षरावयव मोजते, अर्थाच्या भानगडीत पडत नाही. प्रत्येक वाक्यातील शब्द शेवटापासून सुरुवातीकडे लिहिले, तरी गुण तेवढेच पडतात. मी लांब वाक्ये मधोमध तोडून त्यांची दोन दोन केली आणि उतारा कागदोपत्री सोपा झाला. काही तपासून झालेल्या उत्तरपत्रिका आठवल्या की, शब्द उलटे लिहिले असते तरी फारसा फरक पडला नसता, असे आता वाटते.

उताऱ्यात माहिती मात्र मी पक्की घातली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार 2024 साली जगात सुमारे 13.8 कोटी मुले बालमजुरीत होती. त्यांपैकी 61 टक्के शेतीत, 27 टक्के सेवाक्षेत्रात आणि केवळ 13 टक्के उद्योगांत. बालमजूर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धुराने काळवंडलेला कारखाना उभा राहतो. प्रत्यक्षात ती मुले उघड्या आकाशाखाली, बहुधा घरच्याच शेतात राबत असतात. वाचणाऱ्याला धक्का बसेल आणि न वाचणारा उघडा पडेल, अशी ही जागा आहे, असे मी स्वतःला बजावले. उताऱ्याच्या शेवटी एक समतोल वाक्यही लिहिले: शाळेमुळे मुले मजुरीपासून दूर राहतात, परंतु जेथे मुलाच्या कमाईवाचून आईवडिलांचे भागते तेथेच. या वाक्याकडे वाचकाने लक्ष ठेवावे. मी ठेवले नाही.

बहुपर्यायी प्रश्न ही पद्धत फ्रेडरिक केली या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने 1915 च्या सुमारास कॅन्सास येथे मूकवाचनाच्या चाचणीसाठी वापरात आणली. तपासनिसाच्या लहरीवर गुण अवलंबून राहू नयेत, हा त्यामागचा हेतू होता. तो सफल झाला, असे म्हणायला हरकत नाही. आता गुण पेपर काढणाऱ्याच्या लहरीवर अवलंबून असतात. चार पर्यायांच्या प्रश्नात एक सत्य लिहायचे आणि तीन असत्ये रचायची असतात, आणि ती असत्ये अभ्यास न केलेल्याला खरी वाटावीत पण अभ्यास केलेल्याला खोटी वाटावीत, असा त्यांचा पोत लागतो. पहिले असत्य सहज सुचते. दुसऱ्याला थोडी येरझार घालावी लागते. तिसऱ्याच्या वेळी मनुष्य आपल्या प्रामाणिक संगोपनाला दोष देऊ लागतो. तीन पर्याय पुरतात, असे संशोधन प्रसिद्ध होऊनही बरीच वर्षे झाली आहेत, परंतु आमच्या नमुन्यात चार रकाने छापलेले आहेत आणि रकाना रिकामा ठेवणे हा संशोधनाहून मोठा गुन्हा समजला जातो.

प्रश्नांची कसोटी कशी घ्यावी, याचा एक जुना आणि क्रूर उपाय आहे. उतारा दडवून ठेवायचा आणि केवळ प्रश्न कोणापुढे तरी ठेवायचे. चार पर्यायांचे दहा प्रश्न डोळे मिटून सोडवले, तर सरासरी अडीच बरोबर यावेत. गोपनीयतेची शपथ घालून मी ही चाचणी बायकोवर केली. तिला सात गुण मिळाले. हे कसे साधले, असे विचारले असता तिने सांगितले, “अहो, जो पर्याय सगळ्यात लांब तो बरोबर, कारण खरं लिहिताना तुम्हाला भीती वाटते आणि तुम्ही फाटे फोडता. ‘ऑलवेज’ नाहीतर ‘नेव्हर’ असलेला पर्याय चूक. बाकी बालमजुरीबद्दल कोणी काय वेगळं सांगणार आहे?” सातव्या प्रश्नावर तर ती थांबलीही नाही. बालमजुरी कशाने संपेल असे लेखकाला वाटते, असा तो प्रश्न होता. “शिक्षणाने. मास्तरांनी काढलेला पेपर आहे, दुसरं काय असणार?” माझ्या उत्तरसूचीतही तेच होते. मी तिच्या तर्काला दाद दिली, लांब पर्यायांची काटछाट केली, प्रश्नपत्रिका पाकिटात घालून त्यावर लाख लावली आणि आपण एक शास्त्रशुद्ध काम केले, या समाधानात झोपलो.

परीक्षा झाली आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले. उताऱ्यात ‘मायनर’ हा शब्द होता. त्याचा अर्थ अल्पवयीन. ज्यांनी तो शब्द डोळ्यांऐवजी कानांनी वाचला, त्यांनी ही सर्व मुले खाणीत उतरवली आणि तेथील अंधार, धूळ व प्राणवायूचा अभाव यांचे असे वर्णन केले की, क्षणभर मलाच आपल्या उताऱ्यात खाणीचा उल्लेख आहे की काय, असे वाटले. ‘ही मुले हार्डली शाळेत जातात’, म्हणजे क्वचितच जातात, याचा अर्थ ती मोठ्या कष्टाने शाळेत जातात, असा लावून कित्येकांनी त्यांच्या चिकाटीचे कौतुक केले. ‘सँक्शन’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला होता, कारण त्याचा अर्थ संमतीही होतो आणि निर्बंधही होतो, आणि कोणता घ्यावा हे केवळ आजूबाजूचे वाक्य सांगते. तीन विद्यार्थ्यांच्या मते सरकारने बालमजुरीला संमती दिली होती, आणि त्यांतील एकाने त्याबद्दल सरकारचे आभारही मानले होते. संदर्भ पाहिल्यावाचून शब्दाचा अर्थ लावू नये, असा शेरा मी लाल शाईत तिन्ही उत्तरपत्रिकांवर लिहिला. हा शेरा लिहिताना माझे अक्षर फार सुरेख आले होते.

ज्या 61 टक्क्यांवर माझी भिस्त होती, तेथे तर कहरच झाला. सर्वाधिक बालमजूर कोठे काम करतात, या प्रश्नाला बहुसंख्यांचे उत्तर ‘कारखान्यात’ असे होते. उत्तर दुसऱ्या परिच्छेदात आकड्यासह दिलेले होते. मुलांनी ते वाचले नव्हते असेही नाही, कारण पुढच्याच प्रश्नात त्यांतील अनेकांनी 61 हा आकडा बिनचूक उतरवला होता. त्यांनी केवळ त्या आकड्याची रवानगी शेतातून कारखान्यात केली होती. मानसशास्त्रज्ञ बार्टलेट यांनी 1932 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रज वाचकांना परक्या समाजातील एक कथा वाचायला दिली होती. ती आठवून सांगताना काहींनी लाकडी डोंग्यांच्या साध्या होड्या केल्या आणि सीलच्या शिकारीची मासेमारी करून टाकली. आपल्याला जे ठाऊक आहे त्याच्या साच्यात मनुष्य मजकूर ओततो, असा त्याचा मथितार्थ. वर्गात हे मी दरवर्षी शिकवतो आणि विद्यार्थी त्याची नोंद घेतात. माझा उतारा वाचताना त्यांनी तो प्रयोगच पुन्हा करून दाखवला, एवढेच.

परंतु सर्वांत अवघड प्रकार होता विधानांचा. विधान वाचून ‘खरे’, ‘खोटे’ किंवा ‘उताऱ्यात उल्लेख नाही’ यांपैकी एक लिहायचे होते. ‘मुलांना कामाला पाठवणारे आईवडील निर्दय असतात’ हे त्यांतले एक विधान. आईवडिलांच्या स्वभावाविषयी उताऱ्यात एक अक्षर नव्हते, त्यामुळे उत्तर तिसरे होते. गठ्ठ्यातील निम्म्यांनी ‘खरे’ लिहिले आणि उरलेल्यांनी ‘खोटे’. एका मुलीने ‘खोटे’ लिहून, कोणतीही आई निर्दय नसते, असे समासात ठणकावले होते. एका मुलाने ‘उल्लेख नाही’ लिहून खोडले होते आणि शेजारी ‘परंतु असायला हवा होता’ अशी टीप दिली होती. त्याला मी पूर्ण गुण दिले आणि हे कोणाला सांगितले नाही. व्याकरणाचा किंवा रसायनशास्त्राचा उतारा असता, तर मुलांनी तिसरा पर्याय आनंदाने निवडला असता. सामाजिक प्रश्नावर लेखक गप्प बसला आहे, हे मान्य करणे म्हणजे आपणही गप्प बसण्यासारखे त्यांना वाटते. चांगल्या माणसांना आकलनात कमी गुण पडतात की काय, असा एक भलताच सिद्धांत त्या रात्री माझ्या डोक्यात घोळत होता.

नियमानुसार शेवटी प्रत्येक प्रश्नाचे पृथक्करण करावे लागते. एकूण गुणांत वरचे 27 टक्के आणि खालचे 27 टक्के विद्यार्थी वेगळे काढायचे आणि प्रत्येक प्रश्न कोणत्या गटाने अधिक बरोबर सोडवला, ते पाहायचे. 27 हा आकडा ट्रुमन केली यांनी 1939 साली समर्थनासह मांडला. बहुपर्यायी प्रश्नांचे केली निराळे आणि हे केली निराळे, त्यांच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंगही एका अक्षराने वेगळे आहे. हुशार गटाने प्रश्न अधिक प्रमाणात सोडवला, तर प्रश्न चांगला. माझे नऊ प्रश्न या कसोटीवर जेमतेम उतरले. सातव्याचा निर्देशांक ऋण आला. म्हणजे ज्यांना एरवी काहीच येत नव्हते त्यांनी तो बरोबर सोडवला होता, आणि ज्यांना सर्व काही येत होते ते नेमके तेथेच घसरले होते. वरच्या गटातील बहुतेकांनी निवडला होता तो तिसरा पर्याय: पालकांची कमाई पुरेशी झाल्यावर शाळेचा उपयोग होतो.

या हुशार मुलांनी एकमेकांचे पाहून लिहिले असावे, असा निष्कर्ष मी तत्काळ काढला. पर्यवेक्षकांविरुद्ध टिपणही लिहायला घेतले. त्यातील पुराव्यासाठी मूळ ओळ उद्धृत करावी, म्हणून परीक्षेनंतर प्रथमच मी तो उतारा हातात घेतला आणि वाचला. शाळेमुळे मुले मजुरीपासून दूर राहतात, परंतु जेथे मुलाच्या कमाईवाचून आईवडिलांचे भागते तेथेच. वाक्य माझेच होते. हस्तलिखिताशी ताडून पाहिले. छपाईची चूकही नव्हती. लेखकाला काय वाटते, हे उत्तरसूची करताना मी लेखकाला न विचारता मास्तराला विचारले होते, आणि दोघे एकाच खुर्चीत बसलेले असूनही त्यांची भेट झालेली नव्हती. बायकोला ही हकिकत सांगितली, तेव्हा तिने एवढेच विचारले, “म्हणजे माझे आता सातऐवजी सहाच गुण?”

दुरुस्तीचे पत्र समितीला इंग्रजीतच पाठवावे लागते. सातव्या प्रश्नाची उत्तरसूची बदलावी, अशी विनंती करून मी कारणाच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिले की, हे पेपर काढणाऱ्याच्या ‘ओव्हरसाइट’मुळे झाले. या शब्दाचा अर्थ नजरचूकही होतो आणि देखरेखही होतो, आणि कोणता घ्यावा हे केवळ आजूबाजूचे वाक्य सांगते. पंधरा दिवसांनी बैठकीचे मराठी इतिवृत्त हाती आले. पेपर काढणाऱ्या प्राध्यापकांनी ठेवलेल्या काटेकोर देखरेखीमुळे उत्तरसूचीतील एक गंभीर दोष वेळेत उघडकीस आला, याबद्दल समिती त्यांचे एकमताने अभिनंदन करत आहे आणि पुढील वर्षाचा उतारा लिहिण्याचे कामही त्यांच्यावरच सोपवत आहे, असे त्यात नमूद केले होते. खाली, वाचून मान्य असल्याबद्दल माझ्या सहीसाठी जागा सोडलेली होती. मी ते इतिवृत्त दोनदा, अत्यंत काळजीपूर्वक वाचले आणि सही केली.