‘गप्प पैसे द्या, सामान सोडवा’ हा सल्ला फॉरवर्ड करू नका

गेल्या महिनाभरात एकच मेसेज माझ्या फोनवर चार वेळा आला. आधी आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर, मग मुलीच्या शाळेतल्या पालकांच्या, मग माहेरच्या. बदली होऊन परगावी जाणाऱ्यांसाठी त्यात पॅकर्स अँड मूव्हर्सविषयी सल्ले आहेत. थोडक्यात ते असे. सगळे मूव्हर्स सारखेच, म्हणून फोनवर सगळ्यात कमी भाव सांगेल त्याला काम द्या. तीन टक्के भरून इन्शुरन्स घेतला की काळजी मिटली. गाडी वाटेत थांबवून जास्त पैसे मागितले तर वाद घालू नका. आरटीओ, जकात, ई-वे बिल (माल नेताना जीएसटीखाली काढायचा ऑनलाइन कागद) हे खर्च त्यांना खरोखर येतात, गप्प पैसे द्या आणि सामान सोडवा. ‘ओनर्स रिस्क’वर, म्हणजे माल मालकाच्या जोखमीवर या अटीवर, तुमची सही असते, त्यामुळे काही फुटलं तरी कायदा तुमच्या बाजूने नाही, आणि तक्रार करायचीच तर कंपनीच्या गावी खेटे घालावे लागतात. शेवटी, सामान उचलणाऱ्या पोरांवर डोळा ठेवा, खरे चोर तेच.

लिहिणाऱ्याने हे काळजीपोटीच लिहिलं असेल. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि गप्प पैसे देण्याचा सल्ला तर फसवणाऱ्यांच्याच पथ्यावर पडणारा आहे. मागच्या वर्षी माझ्या ताईचं बिऱ्हाड मुलुंडहून बेंगळुरूला हललं तेव्हा आम्ही नेमकं हेच सगळं केलं. त्यानंतर कागद वाचले, कायदा वाचला, चार जाणत्यांना विचारलं. ते आधी केलं असतं तर बरं झालं असतं.

स्वस्त भावापासून सुरू करते. फोनवर भाव सांगणाऱ्याने तुमचं घर पाहिलेलं नसतं. लांबच्या वाहतुकीचा खर्च ठरतो तो गाडीत किती फूट जागा लागणार यावर, माल फुल लोड जाणार की दुसऱ्या दोन घरांच्या सामानाबरोबर शेअरिंगमध्ये यावर, दोन्हीकडचे मजले आणि लिफ्ट यांवर, आणि गाडी दारापर्यंत येते का यावर. मुंबईत हा शेवटचा मुद्दा फार मोठा आहे. आमच्या गल्लीत १९ फुटी गाडी वळत नाही. सोसायटी शिफ्टिंगला ठरावीक वेळच देते. मग माल आधी छोट्या हत्तीतून, म्हणजे लहान टेम्पोतून, निघतो आणि भिवंडीच्या नाहीतर कळंबोलीच्या गोडाऊनपाशी मोठ्या गाडीत चढतो. म्हणजे दोनदा हमाली, दोनदा आदळआपट, आणि खोक्यांवर नाव-नंबर नसले तर दुसऱ्याच्या सामानात मिसळण्याची भीती. फोनवरच्या भावात यातलं काहीच धरलेलं नसतं. ते नंतर वसूल करायचं असतं.

ताईला तिघांनी ३६ ते ३९ हजार सांगितले. त्यांपैकी दोघांनी व्हिडिओ कॉलवर घर पाहून, पलंग-कपाटापासून कुंड्यांपर्यंत यादी करून भाव दिला होता. चौथ्याने काहीही न पाहता २४ हजार सांगितले आणि आम्ही त्याला ५ हजारांचं टोकन पाठवलं. पैसे गेले ते कोणा एका माणसाच्या नावावर, कंपनीच्या नाही. तिथेच थांबायला हवं होतं. कोटेशनवरचं नाव, जीएसटी नंबरमागचं नाव आणि बँक खात्याचं नाव ही तिन्ही एकच हवीत. जीएसटीचा १५ अक्षरी नंबर त्यांच्या सरकारी पोर्टलवर टाकला की कोणाचा आहे ते दोन मिनिटांत दिसतं. महाराष्ट्रातल्या नोंदणीची सुरुवात २७ने होते. कोटेशनवर ‘आयबीए अप्रूव्ह्ड’ असंही ठळक छापलेलं होतं आणि त्याचा आमच्यावर प्रभाव पडला, हे कबूल करते. इंडियन बँक्स असोसिएशन ही बँकांची संघटना, कफ परेडला तिचं कार्यालय आहे. ती वाहतूकदारांची शिफारस सदस्य बँकांना करते, बिल्टीवर, म्हणजे माल घेतल्याच्या वाहतूकदाराच्या पावतीवर, कर्ज देण्याच्या व्यवहारासाठी. तुमच्या काचेच्या भांड्यांना बबल रॅप नीट लागला का, याच्याशी त्या शिफारशीचा काही संबंध नाही. शिवाय तसं छापणारा त्या यादीत असतोच असंही नाही.

आता गाडी अडवण्याविषयी. सामान निघाल्यानंतर तिसऱ्या दिवशी रात्री फोन आला की गाडी हुबळीच्या अलीकडे उभी आहे, ‘आरटीओ आणि ई-वे बिलाचे’ आणखी ९ हजार भरा, नाहीतर माल गोडाऊनला उतरवू, तिथे रोजचं भाडं लागेल. ताई बेंगळुरूच्या रिकाम्या घरात चटईवर झोपत होती, दोन वर्षांचं पोर बरोबर. भाऊजींनी पैसे पाठवले. मीही फोनवर तेच म्हटलं होतं: देऊन टाका, सामान तर येईल.

त्या मागणीत एकही खर्च खरा नव्हता. वापरलेलं घरगुती आणि वैयक्तिक सामान ई-वे बिलातून वगळलेलं आहे. जीएसटीच्या नियमांना जोडलेल्या यादीत ते स्पष्ट लिहिलंय. मेसेजमध्ये जकातीचं नाव आहे, पण जीएसटी लागू झाला त्या दिवशी, म्हणजे १ जुलै २०१७ला, मुंबईची जकात बंद झाली. दहिसर, मुलुंडच्या जकात नाक्यांवरच्या रांगा आपल्या सगळ्यांना आठवतात, म्हणूनच हा शब्द अजून खपतो. गाडीचा परमिट, कर, फिटनेस ही गाडीमालकाची जबाबदारी असते. टोल किती लागणार हे निघण्याआधी कळतं, तो भावातच धरायचा असतो.

ठरलेलं भाडं थकवलं तर वाहतूकदार माल देण्याआधी ते मागू शकतो, हे मी मान्य करते. पण ठरलेल्या आकड्याच्या वर वाटेत वाढवलेली रक्कम म्हणजे भाडं नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६मध्ये वाहतूकदाराने सोपवलेल्या मालाबाबत केलेल्या विश्वासघाताला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि धाक दाखवून पैसे उकळणं म्हणजे खंडणी, ती कलम ३०८मध्ये येते. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ असं ऐकायला मिळू शकतं, कारण समोरचा हा भाड्याचा वाद असल्याचं भासवतो. म्हणून हातात लेखी कोटेशन हवं, ‘टोल आणि सर्व करांसह’ असा उल्लेख असलेलं, आणि जादा मागणी फोनवर न ऐकता मेसेजवर मागून घेतलेली हवी. गाडी भलत्याच जिल्ह्यात उभी असली तरी झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, आम्ही तो फार उशिरा फिरवला. आणि गाडी दारातून हलण्याआधी नंबर प्लेटचा फोटो आणि ड्रायव्हरचा फोन नंबर घेतलेला असला तर गाडी कुठे आहे हे निदान आपल्याला थेट विचारता येतं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. फोटो होता तो मुलुंडच्या टेम्पोचा.

खरी गोष्ट कळली ती गाडी पोचल्यावर. ड्रायव्हर त्या कंपनीचा नव्हताच. कळंबोलीच्या एका दलालाकडून त्याला भाडं मिळालं होतं. त्याच्या हाती निम्मे पैसे दिले होते आणि उरलेले ‘पार्टीकडून मिळतील’ असं सांगितलं होतं. कंपनीने सांगितलं म्हणून तो हुबळीजवळ एका ढाब्यावर दीड दिवस उभा होता, स्वतःच्या खिशातून जेवत. २४ हजारांत हे काम कोणालाच परवडणारं नव्हतं. कंपनीने आपला हिस्सा आधीच काढून घेतला आणि तूट आमच्याकडून वसूल करायची असं पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. आम्ही गप्प पैसे दिले म्हणून ते जमलं. पुढच्या गिऱ्हाइकालाही ते २४ हजारच सांगतील, कारण वाटेत पैसे मिळतात हा अनुभव आम्हीच त्यांना दिला.

म्हणून ‘खरे चोर तेच’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. ताईकडे पॅकिंगला चार मुलं आली होती, सकाळी सातला विरारहून निघालेली. सोसायटीने त्यांना माणसांची लिफ्ट वापरू दिली नाही. सामानाच्या लिफ्टमध्ये सागवानी कपाट मावेना, तेव्हा ते त्यांनी सहा मजले जिन्याने उतरवलं, प्रत्येक वळणावर टेकवून, भिंतीला एक ओरखडा न लावता. आमच्या आजीचं लंबकाचं घड्याळ त्यातल्या एकाने आधी आपल्या टॉवेलात गुंडाळलं आणि मग खोक्यात ठेवलं. तो टॉवेल बेंगळुरूला पोचला. कपाटाचा आरसा फुटला तो दुसऱ्यांदा चढवताना, जिथे ही मुलं नव्हती आणि माल मोजून घेणारंही कोणी नव्हतं. वस्तू हरवतात त्याही बहुतेक अशाच बिननंबरी खोक्यांतून. प्रत्येक खोक्यावर अनुक्रमांक टाका, आत काय आहे त्याची यादी दोन प्रतींत करा, दोन्हींवर सुपरवायझरची सही घ्या. दागिने आणि कागदपत्रं स्वतःबरोबर न्या. एवढं केलं की त्या मुलांच्या मागे मागे फिरावं लागत नाही. त्यांना पाणी विचारा, जेवणाची वेळ पाळू द्या.

इन्शुरन्सचं थोडक्यात सांगते, कारण फसगत साधी आहे. तीन टक्के घेऊन पावतीवर ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’ लिहिलं म्हणजे विमा होत नाही. विमा नोंदणीकृत विमा कंपनीच देते. पॉलिसी नंबर, कंपनीचं नाव आणि तुमच्या सामानाची किंमत लिहिलेला कागद गाडी निघण्याआधी हातात हवा. तो खरा असला तरी आत काय लिहिलंय ते बघा. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात अ, ब, क असे प्रकार असतात. ‘ब’मध्ये आग, गाडीची टक्कर, गाडी उलटणं असे अपघात येतात, नुसत्या हादऱ्याने फुटलेला आरसा त्यात येत नाही. घरसामानाला सगळ्यात व्यापक असा ‘अ’ हवा. ताईच्या पावतीवर पॉलिसी नंबरच नव्हता.

‘ओनर्स रिस्क’वर मात्र जरा थांबायला हवं, कारण या दोन शब्दांना घाबरून लोक तक्रारच करत नाहीत. वाहतूकदारांविषयीचा जुना १८६५चा कायदा होता तेव्हाही सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केलं होतं की माल ‘मालकाच्या जोखमीवर’ पाठवला असला तरी वाहतूकदार स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटत नाही. आता त्याच्या जागी रस्त्यावरील मालवाहतुकीचा २००७चा कायदा आहे, २०११पासून लागू. त्याखाली लोकांचा माल भाड्याने नेणाऱ्या वाहतूकदाराला नोंदणी सक्तीची आहे. खरा धोका आहे तो नुकसानभरपाईच्या मर्यादेत: ती भाड्याच्या दहापटीपर्यंत असते आणि तुम्ही जाहीर केलेल्या किमतीच्या वर जात नाही. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही. घाईत सामानाची किंमत ‘१० हजार’ लिहून मोकळे झालात तर भरपाई तिथेच अडते. ताईच्या फॉर्मवर ती सुपरवायझरने परस्पर भरली होती, ‘कमी लिहिली की टॅक्स वाचतो’ म्हणून. किंमत खरी लिहा आणि ती भाड्याच्या दहापटीपेक्षा जास्त असेल तर तसं आधीच लेखी ठरवून घ्या. दुसरी गोष्ट मुदतीची. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. सामान मिळाल्याच्या तारखेपासून नव्हे. सामान उतरवताना फुटलेल्या वस्तूचा फोटो काढा आणि बिल्टीवरच ‘आरसा फुटलेला मिळाला’ असं लिहून मग सही करा. ताईने ते केलं होतं, ड्रायव्हरनेच तिला सुचवलं म्हणून.

राहिलं कंपनीच्या गावी खेटे घालणं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ने तक्रारदाराला स्वतः राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुभा दिली आहे. तक्रार ऑनलाइन करता येते, सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ताईने बुकिंगपासून १५२व्या दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली, सोबत कोटेशन, ९ हजारांच्या मागणीचा मेसेज आणि शेरा मारलेली बिल्टी. तीन आठवड्यांनी ९ हजार परत आले, एका शब्दाचंही पत्र नाही. आरशाचे आले नाहीत. त्यासाठी तिने बेंगळुरूच्याच जिल्हा आयोगात तक्रार केली आहे, आणि पुढच्या तारखेला कंपनीच्या माणसाला मुंबईहून तिथे जायचं आहे.