रेरा नंबर आहे म्हणून कोणी बाथरूमचा उतार बघितलेला नसतो

‘नव्या इमारतीत घर घेताना स्वतःचा एजंट नि तपासणीस लावणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. रेरा नंबर आहे म्हणजे सरकारने तपासलंय, वर पाच वर्षांची हमी. बाहेरचा माणूस आणलात तर सूट जाते, आणि बिल्डर त्याला आत सोडतही नाही.’ हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. परवा मावशीने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘म्हणून मी इंजिनिअरला नको सांगितलं.’ तिचा ताबा तोंडावर आलाय. आता गप्प बसवत नाही.

महारेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, रेरा नंबर देतं ते हेच. तिथली नोंदणी होते ती कागदांवर: जमिनीचा हक्क, मंजूर नकाशे, पूर्णत्वाची तारीख, प्रकल्पाचं बँक खातं. मावशीच्या फ्लॅटची फरशी ठोकून बघायला तिथून कोणी येत नाही. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला जाण्याची परवानगी, देणारी पालिकाही ते करत नाही.

पण खरा घात हमीच्या मुद्द्यात आहे. 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 14(3) सांगतं की ताब्यापासून 5 वर्षांत दोष बिल्डरच्या निदर्शनास आणला, तर त्याने तो 30 दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई. आता निदर्शनास आणायचा कोणी? अर्थात घेणाऱ्याने. शिवाय बऱ्याच करारनाम्यांत एक ओळ दडलेली असते: बाथरूम, स्वयंपाकघर किंवा नळजोडणीत लेखी परवानगीशिवाय फेरफार केला की दोषाची जबाबदारी संपली. आपल्याकडे किल्ली हातात पडली की दुसऱ्या दिवशी सुतार आणि प्लंबर घरात. पावसाळ्यात खालच्यांच्या छताला ओल आली की बिल्डर म्हणणार, तुमच्याच प्लंबरने पाइप फोडला. करा सिद्ध! त्यात ताबा घेताना ‘सर्व काम समाधानकारक, कोणतीही तक्रार नाही’ अशा छापील कागदावर सही ठोकलेली असतेच.

म्हणून अहवाल ताब्याच्या आधीचा हवा, तारीख आणि फोटोंसकट. कामाचा माणूस बाथरूमची जाळी बंद करून पाणी तुंबवतो आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर जाऊन छत बघतो. काठीने फरशी ठोकत फिरतो, बद्द आवाज आला की खडूने फुली. प्रत्येक सॉकेटला टेस्टर लावून अर्थिंग बघतो. खिडकीच्या कट्ट्याचा उतार बाहेर आहे की आत, हेही बघतो. आत असेल तर पहिल्याच पावसात भिंत फुगते. सॅम्पल फ्लॅटमध्ये यातलं काही दिसत नाही, तो दाखवायलाच बांधलेला असतो.

एजंटबद्दल मात्र मेसेज अर्धा खरा आहे, मान्य करावं लागतंय. नव्या प्रकल्पात ‘आपला’ म्हणवणाऱ्या एजंटला दलाली बहुधा बिल्डरच देतो, मग तो कोणाच्या बाजूने बोलेल? एजंट घ्यायचाच तर रेरा नोंदणीचा घ्या, दलाली कोण देतंय ते लेखी विचारा. माझं मत विचाराल तर ते पैसे करारनामा वाचणाऱ्या वकिलाला द्यावेत. सुटीचं म्हणाल तर करारनामा नोंदवल्यावर किंमत ठरलेलीच असते, इंजिनिअर आणला म्हणून ती बदलत नाही.

राहिला आत न सोडण्याचा प्रश्न. ईमेल टाकून तपासणीची वेळ मागायची. नकार आलाच तर तोही लेखी येऊ दे. ‘आजच किल्ली घ्या, नाहीतर दंड’ हा दम ऐकायचा नाही. भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताबा घ्यायला कलम 19(10) दोन महिने देतं. मावशी, इंजिनिअरला परत फोन लाव.