अमेरिकेची घटना प्रार्थनेतून जन्मली, हे खरे नाही

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर आणि तिथून इकडेही एक दावा फिरतो. अमेरिकेची घटना रोजच्या प्रार्थनेतून जन्मली. ‘धर्म आणि राज्य यांच्यातली भिंत’ हे शब्द घटनेत नाहीतच, ती देव न मानणाऱ्यांची करणी. १९६२ मध्ये न्यायालयाने शाळांतून प्रार्थना हद्दपार केली. म्हणून सरकारी सभा प्रार्थनेनेच सुरू व्हायला हवी.

आधी घटना परिषद. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात लहान-मोठ्या राज्यांचा वाद चिघळला, तेव्हा २८ जूनला ८१ वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी सुचवले, की रोज सकाळी पाद्री बोलावून प्रार्थना करू. त्यांचे हे भाषण सगळीकडे पाठवले जाते. पुढे काय झाले ते मात्र कोणी पाठवत नाही. सूचनेवर मतदानही न होता बैठक उठली. तीन-चार जण सोडता परिषदेला प्रार्थना अनावश्यक वाटली, अशी नोंद खुद्द फ्रँकलिन यांनीच करून ठेवली आहे. त्याआधी १७७४ च्या काँग्रेसमध्ये, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, प्रार्थना झाली होती, हे खरे. पण तेव्हाही जॉन जे यांनी हरकत घेतली होती, कारण सभासद वेगवेगळ्या पंथांचे होते.

भिंतीचे शब्द घटनेत नाहीत, हेही खरे. पण केंद्र सरकारने कोणताही धर्म प्रस्थापित करू नये, हे १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीत आहे, आणि सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही, हे मूळ घटनेतच आहे. भिंतीची उपमा तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या १ जानेवारी १८०२ च्या पत्रातली. ते पत्र कोणाला लिहिले होते? कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांना, म्हणजे कट्टर श्रद्धाळू ख्रिश्चनांना. त्यांच्या राज्यात काँग्रिगेशनल चर्च सरकारमान्य होते. त्या चर्चसाठीच्या करातून सुटायचे तर दुसऱ्या पंथाच्या माणसाला तसा दाखला द्यावा लागे. ही व्यवस्था १८१८ पर्यंत टिकली. व्हर्जिनियात तर परवान्याविना प्रवचन केले म्हणून बाप्टिस्ट प्रचारकांना तुरुंगात टाकले जाई. ते पाहून पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले तरुण जेम्स मॅडिसन संतापले होते, आणि त्यांच्याच प्रयत्नांनी १७८६ मध्ये तिथे धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. भिंत मागणाऱ्यांत गुडघे टेकून प्रार्थना करणारी माणसे आघाडीवर होती. ज्यांनी तुरुंग भोगला त्यांचे श्रेय नास्तिकांच्या नावावर दोष म्हणून लिहिणे मला फार लागते.

१९६२ चा खटला न्यूयॉर्कचा. तिथे राज्याच्या अधिकाऱ्यांनी २२ शब्दांची प्रार्थना स्वतः रचून शाळांना दिली होती. न्यायालयाने सरकारी प्रार्थना थांबवली. मुलाने डबा उघडण्याआधी हात जोडले तर त्याला तेव्हाही बंदी नव्हती, आजही नाही.

पक्षाच्या प्रचारसभेत नेत्याने प्रार्थना केली, तर माझा आक्षेप नाही; पक्ष म्हणजे सरकार नव्हे. प्रश्न सरकारी सभेचा. न्यूयॉर्कमधल्या ग्रीस या गावाच्या मंडळाच्या सभा १९९९ ते २००७ पर्यंत फक्त ख्रिस्ती प्रार्थनेने सुरू होत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी त्या प्रथेला मान्यता दिली, म्हणजे कायदा आज दावा करणाऱ्यांच्या बाजूला बराच झुकला आहे. तरी न्यायमूर्ती एलेना केगन यांचा विरोधी मुद्दा मला पटतो. अशा सभेला सामान्य माणूस आपले काम घेऊन येतो, आणि ज्यांच्याकडून काम व्हायचे त्यांच्यादेखत त्याला उठून उभे राहायचे की बसून राहायचे, हे ठरवावे लागते. अमेरिकेच्या गावांत राहणाऱ्या आपल्या माणसांवर ही वेळ कधीही येऊ शकते.

१२ जुलै २००७ ला हिंदू पुरोहित राजन झेद यांनी अमेरिकी सिनेटमध्ये पहिली हिंदू प्रार्थना म्हटली. प्रेक्षक सज्जातून ख्रिस्ती निदर्शकांनी ओरडून ती अडवली. तिघांना अटक झाली. सिनेट हे ख्रिस्ती देवाचेच सभागृह आहे, अशी त्यांची खात्री होती. फिरणारा दावा नेमकी हीच खात्री पसरवतो, आणि तो पुढे पाठवणाऱ्यांत गायत्री मंत्र म्हणणारेही आहेत.