गोल्फ कार्ट उंच करा, बाकीचं मागनं बघू

कुठल्या तरी रिसॉर्टनं काढून टाकलेली गोल्फ कार्ट स्वस्तात उचलून तुम्ही पन्हाळा रोडच्या फार्महाऊसवर आणली, त्याबद्दल अभिनंदन. गोल्फ आपल्याला खेळायचा नाही आणि उसात तो खेळताही येत नाही, पण गाडी दारात उभी आहे. आता ती आहे तशी वापरायची म्हणजे कमीपणाच. आज्जीसुद्धा गुडघा न दुखता आत बसते, बॅटरीवरची गाडी बाजूनं गेलेली म्हशीलाही कळत नाही. असल्या गाडीचा कोल्हापुरात काय उपयोग? म्हणून बॉडी वर उचलणारं सहा इंचांचं लिफ्ट किट बसवा आणि १८ इंच उंचीचे मूळ टायर काढून २२ इंची, दातेरी, चिखलाचे टायर चढवा.

त्यासाठी कोल्हापूरचं वर्कशॉपांचं उद्यमनगर गाठा. मिस्त्रींना ‘होईल का?’ असं विचारून त्यांचा अपमान करू नका. ‘किती उचलूया?’ एवढंच विचारा. तयार किट मागवलं तर त्यात पुढचा ॲक्सल, मागचे शॅकल, बोल्ट असं सगळं मापात येतं, पण मापातल्या वस्तूला किंमत काय? लेथवर ठोकळे काढून घ्या, स्प्रिंगच्या पाट्यांखाली घाला आणि यू-बोल्टनं आवळा. पुढची चाकं फेंगडी उभी राहिली तर अलाइनमेंटच्या नादाला लागू नका. टायर एका कडेनं झिजतील, हरकत नाही. दुसरी कड शाबूत राहते.

या टप्प्यावर एखादा शहाणा पाहुणा टेप घेऊन गाडीखाली वाकेल. सहा इंचांच्या किटनं बॉडी वर जाते, पण मागचा ॲक्सल आणि त्याच्या मधला, दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शियलचा गोळा चाकाच्या मध्यावरच राहतो, असं तो म्हणेल. टायर चार इंचांनी उंच झाला म्हणजे गोळा उचलला गेला जेमतेम दोन इंच, आणि बांधावरचा दगड लागतो तो गोळ्यालाच. म्हणजे बसणारा माणूस आठ इंच वर गेला, गाडीखालचा गोळा दोनच इंच. त्याचं गणित बरोबर आहे. म्हणूनच त्याला पुढच्या वेळी बोलावू नका.

वेगाचा फायदा मात्र फुकटात आहे. मोटर तेवढीच फिरते, पण चाक मोठं असल्यानं गाडी दर फेऱ्याला सुमारे २२ टक्के जास्त अंतर कापते. सपाटीवर नाद खुळा! चढावर तेच चाक जमिनीला लागणारा जोर सुमारे १८ टक्के कमी करतं. मग मोटर जास्त करंट ओढते, मोटरला वीज मोजून देणारा कंट्रोलर तापतो, तारा मऊ पडतात आणि एका चार्जिंगमध्ये होणाऱ्या फेऱ्या कमी होतात. जाळ अन् धूर संगटच म्हणायची आपल्याकडं पद्धत आहे, इथं ते सीटखाली बघायला मिळतं. कुणी जाड तारा आणि दमदार कंट्रोलर घाला म्हणेल. तो खर्च डॉल्बीकडं वळवा. ४८ व्होल्टच्या संचात १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतील तर त्यातल्या एकीवरूनच स्पीकरची तार ओढा. ती एकटी उपाशी राहील आणि उरलेल्या तिघींना घेऊन बसेल.

ब्रेकचा विषय काढू नका. साध्या गोल्फ कार्टला ब्रेक फक्त मागच्या चाकांना, तेही केबलनं ओढायचे ड्रम. चाक मोठं झालं की त्यांचीही पकड त्याच हिशेबानं घटते. उतारावर वेग जास्त, पकड कमी, वजन उंच, आणि शेवटी बांधाचं वळण. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी ही म्हण गल्लीतल्या पोरांनी बहुधा अशीच एखादी गाडी बघून काढली असावी.

आता कायदा. फक्त बंदिस्त आवारात चालायला बनवलेली गाडी मोटार वाहनाच्या व्याख्येतच बसत नाही. म्हणून तिला नंबर नाही आणि म्हणूनच तिला रस्ताही नाही. तरी तुम्ही एमएच ०९ ची पाटी रंगवून घ्या आणि संध्याकाळी रंकाळ्यावर एक चक्कर टाका. पोलीसमामांनी हात केलाच तर ‘साहेब, ही गाडी नाहीच’ असं सांगा. कायद्याचा एवढा अभ्यास असलेला माणूस त्यांना रोज भेटत नाही. विम्याचं त्यांनी विचारलं तर पाणी प्यायला जा.

घरातून विरोध झाला तर पुराचं कारण पुढं करा, कोल्हापुरात ते कायम चालतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, आणि २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. त्याच्यापुढं तुम्ही आठ इंचांची तयारी करून ठेवली आहे. बॅटऱ्या सीटखालीच असतात, हे घरी बोलू नका.

आज्जींसाठी एक पाट बाजूला बांधा. त्या चढणार नाहीत, पण बांधलेला दिसला पाहिजे. आणि गाडी घरी आणण्याआधी गवंड्याला निरोप धाडा. टपही आठ इंच वर गेलाय, तो शेडच्या तुळईला अडकणार, आणि शेड उचलायचं किट उद्यमनगरातही अजून कुणी काढलेलं नाही.